हिशेबाबाहेरचे दूध

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणात एक उदाहरण हमखास भेटते. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशी विवाह केला, तर ती पूर्वीचेच काम करीत राहिली तरी देशाचे उत्पन्न तिच्या पगाराएवढे घटते. काम तेच, कष्ट तेच. फक्त त्याला वेतन उरले नाही म्हणून ते हिशेबातून गळते. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली ही विसंगती दाखवून दिली. विद्यार्थी ते उदाहरण पाठ करतात, परीक्षेत दोन गुण मिळवतात आणि विसरून जातात. परंतु याच विसंगतीचे याहून मोठे उदाहरण प्रत्येक घरी पाळण्यापाशी घडत असते. आई बाळाला अंगावर पाजते तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नात एका पैशाचीही भर पडत नाही. तेच बाळ डब्यातल्या भुकटीवर वाढू लागले की कारखान्याचे उत्पादन, घाऊक व्यापाऱ्याचे कमिशन, औषध दुकानदाराचा नफा आणि सरकारचा कर हे सारे जमेच्या बाजूला येते. पुढे बाटलीतल्या अस्वच्छ पाण्याने त्या बाळाला हगवण लागली, तर डॉक्टरांची फी आणि सलाइनच्या बाटल्या यांचीही त्यात भर पडते. बाळ खंगते आणि राष्ट्रीय उत्पन्न वाढते!

हा केवळ पुस्तकी विनोद असता तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु जे हिशेबात धरले जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हा राज्यकारभाराचा अनुभव आहे. दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागतिक स्तनपान सप्ताह साजरा होतो. रुग्णालयाच्या दारावर फलक लागतात, अंगणवाड्यांतून रांगोळ्या निघतात, 'आईचे दूध हेच अमृत' अशा घोषणा होतात. आठ ऑगस्टला फलक उतरतात. ज्या आईला उद्देशून हा उपदेश झाला, तिला पाजण्यासाठी वेळ कोण देणार, जागा कोण देणार आणि त्या काळातील तिची बुडालेली मजुरी कोण भरून देणार, हे प्रश्न मात्र अनुत्तरित राहतात. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपुरता जरी या प्रश्नांचा विचार केला, तरी घोषणा आणि वस्तुस्थिती यांमधील अंतर ध्यानात येईल.

पहिल्या तासाचे कोडे

बाळ जन्मल्यापासून तासाभरात त्याला आईचे दूध मिळावे, पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही देऊ नये आणि त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ अंगावर पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. आता आकडे पाहावेत. २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांच्या दरम्यान देशातील दवाखान्यांत होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेले. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु पहिल्या तासात अंगावर पाजल्या गेलेल्या बालकांचे प्रमाण ४१.६ वरून ४१.८ टक्के, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी राहिले. महाराष्ट्रात तर चित्र अधिकच विचित्र आहे. येथे दवाखान्यातील बाळंतपणे सुमारे ९० वरून ९५ टक्क्यांपर्यंत वाढली आणि पहिल्या तासातील स्तनपान मात्र ५७ टक्क्यांच्या आसपास होते ते ५३ टक्क्यांवर उतरले.

आई घरच्या अंधाऱ्या खोलीतून डॉक्टर, परिचारिका आणि वीज असलेल्या इमारतीत आली, आणि तरीही बाळाला पहिले दूध मिळण्याची शक्यता कमी झाली, याचा अर्थ काय? खेड्यातल्या अडाणी समजुतींवर खापर फोडून हा प्रश्न सुटत नाही. बाळ दवाखान्यात जन्मले, तर तो पहिला तास दवाखान्याच्या ताब्यात असतो, सासूच्या नव्हे. याच काळात राज्यातील शस्त्रक्रियेने होणारी बाळंतपणे वीस टक्क्यांवरून पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढली. शस्त्रक्रियेनंतर आई एका खोलीत, बाळ दुसऱ्या खोलीत आणि नातेवाइकांच्या हाती भुकटीच्या डब्याची चिठ्ठी, हे दृश्य कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी अपरिचित राहिलेले नाही. वास्तविक शस्त्रक्रिया झालेल्या आईलाही, ती शुद्धीवर असेल तर, थोड्या मदतीने लवकर पाजता येते. परंतु ती मदत करण्यासाठी परिचारिका हवी, तिला वेळ हवा आणि तिच्या हाताखाली दहा-दहा खाटा नसाव्यात. चिठ्ठी लिहिणे त्यापेक्षा सोपे असते.

समजुतींचा वाटा नाही असे मात्र नव्हे. बाळंतिणीला पहिले दोन-तीन दिवस येणाऱ्या घट्ट, पिवळसर दुधाला चीक म्हणतात. ते 'जड' म्हणून पिळून टाकण्याची आणि तोवर बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी कौतुकाने वाटणारा हा समाज आईचा चीक मात्र टाकून देतो, याला काय म्हणावे! त्या चिकात रोगांशी लढणारी द्रव्ये ठासून भरलेली असतात. तो प्रमाणाने थोडा असतो हे खरे. परंतु पहिल्या दिवशी बाळाच्या जठरात एका वेळी चमचा-दीड चमच्याहून अधिक मावत नाही. निसर्गाने माप बरोबर घेतलेले आहे.

'दूध पुरत नाही' ही दुसरी तक्रार. येथे अर्थशास्त्राचा एक जुना नियम उलटा होतो. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ से याच्या नियमानुसार पुरवठा आपली मागणी आपणच निर्माण करतो. आईच्या दुधाच्या बाबतीत मागणीच पुरवठा निर्माण करते. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. 'पुरत नाही' म्हणून एक बाटली वरची दिली, की बाळ तेवढे कमी ओढते. कमी ओढले की दूध कमी होते. आणि मग खरोखरच पुरेनासे होते. जी टंचाई आरंभी केवळ शंका होती ती आठवड्याभरात वस्तुस्थिती बनते. या शंकेचे वेळीच निरसन करणारे जाणते माणूस पहिल्या आठवड्यात आईजवळ असणे, हाच यावरचा खरा उपाय होय.

भुकटी, कायदा आणि पाच हजारांचा दंड

ही शंका पेरण्याचे काम बाजाराने किती पद्धतशीरपणे केले याचा इतिहास फार जुना नाही. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३९ साली सिंगापूरमध्ये भाषण करताना भुकटीच्या दिशाभूल करणाऱ्या प्रचाराने होणाऱ्या बालमृत्यूंना खुनाच्या पंक्तीत बसवले होते. १९७० च्या दशकात आफ्रिका-आशियातील गरीब देशांत परिचारिकांचा वेष घातलेल्या विक्रेत्या प्रसूतिगृहांत फिरून डबे वाटीत, याचा बोभाटा झाला. १९७७ साली अमेरिकेत एका बलाढ्य स्विस कंपनीच्या मालावर बहिष्काराची चळवळ उभी राहिली. अखेर मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने भुकटीच्या विक्रीला मर्यादा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. विरोधाचे ते एकमेव मत अमेरिकेचे होते. भारताने संहितेच्या बाजूने मत दिले.

पुढच्या वाटचालीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. स्तनपानाच्या पुरस्कारासाठी झटणाऱ्या अखिल भारतीय संघटनेची स्थापना डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्याला झाली. १९९२ च्या अखेरीस संसदेने शिशुदुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व शिशुआहार यांचे नियमन करणारा कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला आणि २००३ साली अधिक कडक झाला. या कायद्याने भुकटीच्या जाहिरातीवर बंदी आहे, फुकट नमुने वाटण्यावर बंदी आहे, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापण्यावर बंदी आहे आणि डॉक्टरांना भेटी देण्यावर किंवा त्यांच्या परिषदांना कंपन्यांनी पैसा पुरवण्यावरही बंदी आहे. जगातील कठोर कायद्यांत त्याची गणना होते.

मात्र कायद्याचे सामर्थ्य त्याच्या अंमलबजावणीत असते. जाहिरात किंवा नमुन्यांबाबतचा नियम मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. कैद क्वचितच होते, आणि पाच हजार ही रक्कम १९९२ सालची आहे. तीस वर्षांच्या महागाईने रुपयाची किंमत किती घसरली हे कोणत्याही कारकुनाला आपल्या महागाई भत्त्यावरून सांगता येईल. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या उद्योगाला हा दंड म्हणजे किरकोळ खर्चाची बाब होय. शिवाय जाहिरातीने आता वेष पालटला आहे. ती भिंतीवरून उतरून आईच्या हातातील मोबाईलवर 'सल्ल्या'च्या रूपाने पोहोचते, आणि तेथे पोहोचणारा निरीक्षक अद्याप कोणी नेमलेला नाही.

लातूरचे पाणी आणि डब्याचा भाव

आता गरीब घराच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. केवळ भुकटीवर वाढणाऱ्या बाळाला पहिल्या सहा महिन्यांत सुमारे वीस किलो भुकटी लागते. ती आज किलोला हजार रुपयांच्या आत सहसा मिळत नाही. म्हणजे किमान वीस हजार रुपये झाले. रोज तीनशे रुपये मजुरी धरली तर हे सदुसष्ट दिवसांचे श्रम होतात, आणि त्यात इंधन, बाटली व औषधपाणी धरलेले नाही. साहजिकच घरात काटकसर सुरू होते. चार चमच्यांऐवजी दोन चमचे भुकटी, बाकी पाणी. बाळाचे पोट भरते, अंग भरत नाही.

आणि पाणी तरी कोणते? एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना देशभर गाजली. ज्या शहरात पाण्याच्या टाकीवर जमावबंदीचा हुकूम काढण्याची वेळ आली, त्या शहरात बाटली दिवसातून आठ वेळा उकळत्या पाण्याने धुवावी असा सल्ला देणे ही क्रूर थट्टा ठरली असती. त्या उन्हाळ्यातही ज्या बाळांना केवळ आईचे दूध मिळाले त्यांना टँकरची वाट पाहावी लागली नाही. आईच्या दुधात पाण्याचा अंश सत्त्याऐंशी टक्क्यांहून अधिक असतो. मे महिन्याच्या कडक उन्हातही सहा महिन्यांच्या आतील बाळाला वेगळे पाणी लागत नाही. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात हे दूध म्हणजे सर्वांत खात्रीची पाणीपुरवठा योजना आहे.

परंतु 'आईचे दूध फुकट' हे वाक्य जितके वेळा उच्चारले जाते तितके ते खरे नाही. दूध तयार करण्यासाठी आईच्या शरीराला रोज सुमारे पाचशे उष्मांक जादा लागतात. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे तीच पाहणी सांगते. नवजात बाळाला दिवसाकाठी आठ ते बारा वेळा पाजावे लागते; प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटे धरली तरी दिवसाचे दोन ते चार तास होतात. अन्न आणि वेळ या दोन्ही गोष्टींना किंमत असते. ती आज एकटी आई चुकती करते, म्हणून इतरांना ते दूध फुकट वाटते, एवढेच. आपल्या पूर्वजांना हे कळत होते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी धाडणे, सव्वा महिना घरकामाला हात लावू न देणे, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा या साऱ्याला आज आपण रूढी म्हणतो; अर्थशास्त्राच्या भाषेत ती कुटुंबाने दिलेली भरपगारी रजा होती. अर्थात, ज्या माहेराला लाडू परवडत होते तेथेच ती मिळत असे.

फडावरची आई

ही रजा जिला कधीच मिळाली नाही अशी आई पाहायची असेल तर दिवाळीच्या सुमारास मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या डोंगरपट्ट्यातील गावांतून बाहेर पडणाऱ्या ऊसतोड कुटुंबांकडे पाहावे. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको अशी जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते. मजुरी टनावर. बाई बाळंत झाली म्हणून फडावर गेली नाही, तर अर्धा कोयता कमी होतो, खाडा पडतो आणि उचल फिटत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांची बाळंतीण उसाच्या सरीत उभी राहते. बाळ पाचटाच्या सावलीत किंवा कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली असते. पहाटे पाजलेले बाळ दुपारपर्यंत रडत राहते. या आईला स्तनपानाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. दाटून आलेल्या दुधाची कळ तिला कोणत्याही फलकापेक्षा चांगली कळते.

तिच्यासाठी कायदा काय करतो? प्रसूतिलाभाचा कायदा १९६१ सालचा. २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्यांची तरतूद मूळचीच होती, आणि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सक्ती झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आल्या. परंतु ऊसतोडणाऱ्या बाईचे नाव साखर कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ती कोणाची नोकर, हा प्रश्न विचारला की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचे आश्वासन दिले. २०१७ पासून चालू असलेल्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार मिळतात, तेही हप्त्यांनी. दुसऱ्या अपत्यासाठी ते मुलगी असेल तरच रक्कम मिळते. सहा महिन्यांच्या मजुरीशी या रकमेची तुलना करण्याचेही धाडस होऊ नये.

शहरातली हिरकणी

हा प्रश्न केवळ फडावरचा आहे असे समजून सुशिक्षितांनी निश्चिंत होऊ नये. सरकारी सेवेत कायम असलेल्या शिक्षिकेला किंवा कारकून महिलेला १८० दिवसांची रजा मिळते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापिकेचे काय? तास घेतला तर मानधन, न घेतला तर नाही. लातूर आणि नांदेड ही आज शिकवणी वर्गांची मोठी केंद्रे आहेत. तेथील वसतिगृहांत, खाणावळींत, वर्गांच्या कचेऱ्यांत शेकडो स्त्रिया विनाकरार राबतात. त्यांची रजा म्हणजे नोकरीचा शेवट. शिक्षकांच्या संघटना वेतनश्रेणीसाठी ज्या हिरिरीने भांडतात तिच्या दशांशाने तरी या प्रश्नावर बोलल्या आहेत काय, याचा त्यांनीच विचार करावा.

राज्यातील बसस्थानकांवर पाजणाऱ्या मातांसाठी 'हिरकणी कक्ष' आहेत. रात्री गडाचे दरवाजे बंद झाले तेव्हा तान्ह्या बाळासाठी रायगडचा कडा उतरून गेलेल्या गवळणीचे नाव त्याला दिले, ही कल्पना मोठी सुंदर. परंतु कक्षाला कुलूप आणि किल्ली कोणाकडे हे कोणालाच ठाऊक नाही, किंवा आत जुन्या खुर्च्यांची अडगळ, असा अनुभव प्रवासी स्त्रियांना नवा नाही. हिरकणीच्या आख्यायिकेचा खरा बोध कोणता, हेही तपासून पाहण्याजोगे आहे. आपण तिच्या धैर्याचे पोवाडे गातो. दरवाजा वेळेवर बंद करण्याच्या नियमात पाजणाऱ्या आईसाठी अपवाद का नव्हता, हे विचारीत नाही. आजही आपण प्रत्येक आईने कडा उतरावा अशी अपेक्षा करतो आणि दरवाजा मात्र उघडीत नाही.

काय करता येईल

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. या मृत्यूंचा संबंध स्तनपानाशी जोडणे सर्वथा अन्यायाचे ठरेल. परंतु नांदेड जिल्ह्याबरोबरच हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि तेलंगणाच्या सीमेवरील गावांचा भार वाहणाऱ्या या शहरात अशक्त, अपुऱ्या दिवसांची बाळे किती नाजूक धाग्यावर जगतात, हे त्या दिवशी सर्वांना दिसले. त्या बाळांसाठी खाटा, औषधे आणि डॉक्टर वाढवलेच पाहिजेत. त्याबरोबर हेही ध्यानात घ्यावे, की २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील अभ्यासात कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवल्याने आणि तिचेच दूध दिल्याने मृत्यूंचे प्रमाण चतुर्थांशाने घटलेले आढळले. त्यासाठी अतिदक्षता विभागात बाळाच्या शेजारी आईची खाट लागते. एवढाच त्याचा खर्च. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली आणि मृत्यू निम्म्याहून खाली आणले. गडचिरोलीला जे साधले ते मराठवाड्याला असाध्य का असावे?

तेव्हा मागण्या मोजक्या आणि नेमक्या असाव्यात. प्रत्येक प्रसूतिगृहाने, मग ते सरकारी असो वा खासगी, पहिल्या तासात किती बाळांना आईचे दूध मिळाले याचा आकडा दरमहा दर्शनी फलकावर लावावा. जो आकडा लोकांना दिसतो तो सुधारतो. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत मातृदुग्धपेढीची पुरेशी सोय असावी आणि तिची माहिती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचावी. साखर कारखान्याने टनामागे ठरावीक रक्कम वेगळी काढून फडावर पाळणाघर चालवावे आणि बाळंतिणीच्या खाड्याची भरपाई द्यावी. हा खर्च साखरेच्या उत्पादनखर्चाचाच भाग आहे, तो आज एका तान्ह्या बाळाच्या पोटातून वसूल होतो. भुकटीच्या कायद्यातील दंड आजच्या रुपयात मोजावा. आणि रजेचा हक्क नोकरीच्या कायमपणाला न बांधता बाळाच्या वयाला बांधावा.

ज्या आईला आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने पाजता येत नाही तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. तिच्या बाळासाठी भुकटी हे औषध आहे आणि ते औषधासारखेच, सल्ल्याने मिळावे. दोष द्यायचाच तर तो हिशेबाच्या पद्धतीला द्यावा. स्तनपानाचा पुरेसा प्रसार झाला तर जगात दरवर्षी आठ लाखांहून अधिक बालमृत्यू टळतील आणि त्याच्या अभावी जगाचे दरसाल सुमारे तीनशे अब्ज डॉलरांचे नुकसान होते, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ साली मांडला. अर्थमंत्र्यांना समजणाऱ्या भाषेत हा प्रश्न आता मांडून झालेला आहे. उसाच्या फडात, सरीच्या कडेला रडणाऱ्या बाळाला मात्र ती भाषा येत नाही. त्याची आई दुपारच्या आत त्याच्याजवळ पोहोचावी, एवढीच त्याची मागणी आहे. आणि ती पुरी करण्याइतकी साखर या प्रदेशात निश्चित पिकते.